कारणे द्या

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतील 'कारणे द्या' हा प्रश्न मुलांना सोपा वाटतो. पाठ्यपुस्तकात कारणे क्रमांक घालून दिलेली असतात. ती पाठ करायची आणि त्याच क्रमाने उत्तरपत्रिकेत उतरवायची. पानिपतच्या पराभवाची सहा, सत्तावनच्या उठावाची आठ, दुसऱ्या महायुद्धाची सात. गेली तीस वर्षे अशा उत्तरांवर मी लाल शाईने गुण देत आलो आहे. मीही विद्यार्थी असताना अशीच उत्तरे लिहिली आणि चांगल्या गुणांनी पास झालो. परंतु 'कारण' म्हणजे काय, ते शोधायचे कसे आणि चुकीचे कारण धरून बसले तर केवढा अन्याय होतो, हे मला महाविद्यालयात कळले नाही. ते कळले भोपाळच्या नेहरू नगरात, एका वरचेवर बंद पडणाऱ्या स्कूटरपाशी. आज त्या स्कूटरचा इतिहास सांगायचा आहे. वाचकांनी तो गाडीदुरुस्तीचा लेख समजून पान उलटू नये, एवढीच विनंती.

१

माझे मामा १९६३ साली नोकरीसाठी भोपाळला गेले आणि तिथलेच झाले. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आम्हा सीमाभागातल्या लोकांना निराळी समजावून सांगायला नको. त्याच दिवशी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. तिथले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरच्या कचेऱ्यांमधले कितीतरी कारकून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर भोपाळला जाऊन पोहोचले. ग्वाल्हेर-इंदूरकडची मराठी घराणीही तिकडे आली. त्यामुळे मामांच्या शेजारी एका घरात नागपुरी मराठी, दुसऱ्यात इंदुरी मराठी आणि आमच्या मामांच्या तोंडी सीमेवरची कानडी हेल असलेली मराठी, असा मेळ असे. नेहरू नगर ही भोपाळच्या नैर्ऋत्येकडची, भदभदा रस्त्याच्या बाजूची वसाहत. भारतीय वन व्यवस्थापन संस्थेमुळे (स्थापना १९८२) तिचे नाव बाहेरच्यांनाही ठाऊक आहे. मामांची कचेरी अरेरा हिल्सवर होती. घरापासून पाच-सहा किलोमीटर अंतर, आणि शेवटी चढ.

मे १९९० मध्ये बी.ए.ची परीक्षा देऊन मी मिरजेहून पुणे आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने भोपाळला पोहोचलो. मामा स्टेशनवर रिक्षाने आले होते. "स्कूटर कुठं आहे?" म्हणून विचारले, तर म्हणाले, "तिचं नाव काढू नकोस."

घरी गेल्यावर मामींनी सगळी हकीकत सांगितली. स्कूटर फेब्रुवारीपासून रस्त्यात बंद पडत होती. घरून निघताना एका किकमध्ये सुरू व्हायची. दोन-तीन किलोमीटर गेली की आचके द्यायची आणि गप्प व्हायची. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू, जणू काही झालेच नव्हते. मार्चमध्ये माझी मामेबहीण बारावीच्या पेपरला निघाली त्या दिवशी स्कूटर नेमकी जवाहर चौकाच्या अलीकडे थांबली. बहीण रडत रिक्षाने गेली आणि वीस मिनिटे उशिरा पोहोचली. त्या दिवसापासून मामा त्या गाडीशी वैऱ्यासारखे वागत होते.

गाडी कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हता, हे पुढे दिसेलच. मामांनी तोवर दोनदा प्लग बदलला होता. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, शेवटी कॉइल बदलली. वसाहतीच्या कोपऱ्यावर एका झाडाखाली एक मिस्त्री बसत असे. पंचविशीतला, सडपातळ, कमी बोलणारा. हे सगळे काम त्याच्याकडून झाले होते. आणि नेमके याच मिस्त्रीवर मामांचे मन उडाले होते.

"बाळ, तूच विचार कर," मामा मला म्हणाले. "रस्त्यात ही बंद पडते. ढकलत त्याच्याकडे नेली की तो दोन मिनिटं काहीतरी बघतो, किक मारतो, आणि ही सुरू! माझ्या हातानं होत नाही, त्याच्या हातानं होते. याचा अर्थ काय? तोच काहीतरी करून ठेवतो आणि तोच काढतो. कॉइलसुद्धा नवी घातली म्हणून पैसे घेतले. नवी कशावरून? माझी चांगली कॉइल काढून घेतली असणार."

एप्रिलमध्ये मामा चार लोकांसमोर त्याला हे सगळे बोलून आले होते. चोर हा शब्दही त्यांच्या तोंडून गेला होता. त्यावर मिस्त्रीने काही उत्तर दिले नाही, असे मामी म्हणाल्या. तेव्हापासून मामा त्या कोपऱ्यावरून जाताना मान वळवत नसत. दुसरा संशय पेट्रोलपंपावर होता. पेट्रोल भरले की गाडी हटकून लवकर बंद पडते, म्हणजे पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ आहे, हा मामांचा दुसरा सिद्धांत.

२

मामांसारखा सरळ माणूस असा संशयी का झाला, हे समजायला स्कूटरचा थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पिआज्जिओ या विमाने बनवणाऱ्या कंपनीचा पोंतेदेरा येथील कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमाने कोणाला हवी होती? लोकांना हवे होते स्वस्त वाहन. कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याने ते तयार केले. १९३० साली हेलिकॉप्टर उडवून दाखवणारा हा माणूस. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. त्याने साखळी काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशी नेले, गिअर डाव्या मुठीत आणला, आणि पत्र्याच्या अंगालाच सांगाडा केले. कपड्यांना वंगण लागू नये म्हणून पुढे ढालीसारखा पत्रा दिला. २३ एप्रिल १९४६ रोजी त्याच्या एकस्वाची नोंद झाली. नाव ठेवले व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीची लँब्रेटा आली.

दोन्ही गाड्या हिंदुस्थानात आल्या. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने पन्नाशीच्या दशकात लँब्रेटा जुळवायला घेतली. बजाजांना १९५९ साली दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला पिआज्जिओच्या सहकार्याने व्हेस्पा तयार होऊ लागली. १९७१ साली हा करार संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. तिच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही ५७ मिलिमीटर. हे साधे गणित पुढे लक्षावधी मध्यमवर्गीय संसार ओढत राहिले. पुढे साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तयार होऊ लागली. लखनौला सरकारी मालकीची स्कूटर्स इंडिया उभी राहिली आणि १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजांचा दुसरा मोठा कारखाना सुरू झाला.

कारखाने असे वाढत गेले तरी गाडी मिळत नव्हती. १९५१ च्या उद्योग कायद्याने किती माल काढायचा ते परवान्यावर लिहिलेले असे. मागणी वाढली म्हणून उत्पादन आपल्या मर्जीने वाढवता येत नसे. वितरणावरही १९६० पासून सरकारी नियंत्रण होते. त्यामुळे नोंदणी करून वाट पाहायची, आणि ती वाट काही गाड्यांसाठी दहा-दहा वर्षांची असे. परकीय चलन भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना गळ घालण्यात येई. मुलीच्या जन्माला नोंदवलेली स्कूटर ती शाळेत जाऊ लागल्यावर दारात आली, असे लोक चेष्टेने म्हणत. मामांच्या घरी ते अक्षरशः खरे होते. नोंदणी १९७३ ची, गाडी आली १९८१ साली.

अशी आठ वर्षांनी मिळालेली वस्तू माणूस कशी वापरणार? तो तिला पुसतो, तिला कापड शिवतो, तिच्यातले आवाज ओळखायला शिकतो. आणि तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहतो. अस्सल सुटे भाग दुर्मिळ असत आणि नकली भाग हुबेहूब डब्यांतून मिळत. आपल्या गाडीतला चांगला भाग काढून जुना घातला जाईल, ही भीती घरोघरी होती, आणि काही ठिकाणी ती खरीही ठरे. कित्येक गृहस्थ मिस्त्रीच्या डोक्याशी उभे राहून काम संपेपर्यंत हलत नसत. टंचाईने आपल्या लोकांना काटकसर शिकवली, दुरुस्ती शिकवली, हे आपण कौतुकाने सांगतो. तिने अविश्वासही शिकवला, हे सांगायचे राहून जाते.

३

आता गाडी बंद का पडते, याकडे वळू.

त्या काळच्या स्कूटरचे इंजिन टू-स्ट्रोक. त्याला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. या तिन्ही योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी मिळाल्या की इंजिन चालते. बंद पडले तर यांपैकी एक कुठेतरी अडली आहे. झाडाखालच्या मिस्त्रीचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे वंगण नसते. पेट्रोलमध्येच शेकडा दोन या प्रमाणात ऑइल मिसळावे लागते. ऑइल जास्त झाले की धूर आणि काजळी, कमी झाले की दट्ट्या सिलिंडरला घासून धरतो. काजळी प्लगच्या दोन टोकांमध्ये साठून पूल तयार झाला तर ठिणगी उडतच नाही. म्हणून प्रत्येक स्कूटरवाल्याच्या डिकीत एक जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिश-कागदाचा तुकडा असायचा. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. चॉकलेटी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढुरका असेल तर हवा जास्त, कुठेतरी गळती आहे. वैद्याने जीभ पाहावी तसे हे प्लग पाहणे. मग तो टोपणात घालून इंजिनाच्या पत्र्याला टेकवायचा आणि किक मारून निळी ठिणगी दिसते का ते पाहायचे.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे वळायचे. कॉक चालू आहे की बंद, की गाडी रिझर्व्हवर घ्यायची आहे? कार्ब्युरेटरच्या जेटच्या सुईएवढ्या भोकात कचरा अडकतो. तो फुंकून काढायचा, तार घालायची नाही, कारण तारेने भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल खाऊ लागते. स्कूटर तिरकी करून मग किक मारायची, ही तर सगळ्या देशाला ठाऊक असलेली कवायत. तिरकी केल्याने कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल नळीत जास्त उतरते आणि थंड इंजिनाला चोक दिल्यासारखे होते. सायलेन्सर काजळीने भरला तर धूर बाहेर पडत नाही आणि गाडी चढावर दम सोडते. मग तो काढून जाळावा लागे.

हे सगळे दोष गाडी सुरूच होऊ देत नाहीत, किंवा तिचा जोर कमी करतात. 'थोडी चालते, बंद पडते, थांबले की पुन्हा चालते' हा प्रकार मात्र निराळा. याचे नेहमीचे आरोपी म्हणजे कंडेन्सर आणि कॉइल. ते तापले की बिघडतात, गार झाले की सुधारतात. म्हणून मिस्त्रीने कंडेन्सर बदलला, मग कॉइल बदलली. त्याचा तर्क चुकीचा नव्हता. पण दोष तिथे नव्हता.

४

मला त्या सुट्टीत दुसरे काम नव्हते. मामींच्या हिशेबाच्या वहीतली मागची पाने घेऊन मी रोजनिशी सुरू केली. तारीख, टाकीत पेट्रोल किती, किती किलोमीटरवर बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, ऊन होते की संध्याकाळ. मामांना हा पोरखेळ वाटे, पण ते आकडे सांगत.

नऊ दिवसांत वहीत एक गोष्ट दिसू लागली. टाकी भरलेली असली की गाडी दीड-दोन किलोमीटरवर थांबे. टाकी अर्धी असली की चार-पाच किलोमीटरवर. रिझर्व्हवर आली की मुळी थांबतच नसे. इंजिन तापण्याचा याच्याशी संबंध दिसेना. भर दुपारी रिझर्व्हवर ती न थांबता गेली आणि सकाळच्या गारव्यात, टाकी भरलेली असताना, लगेच थांबली. आता कॉइलला टाकीत पेट्रोल किती आहे हे कसे कळणार? मामा मात्र खूश झाले. "बघ, मी म्हणत होतो. पेट्रोल भरलं की बंद! पंपवालाच चोर."

माझे समाधान झाले नाही. एका संध्याकाळी मामांना न सांगता मी ती वही घेऊन झाडाखालच्या मिस्त्रीकडे गेलो. मी कोणाचा कोण ते त्याला कळले. तो क्षणभर थांबला, मग हात पुसून त्याने वही घेतली. त्याला मराठी येत नव्हते, पण देवनागरी आकडे वाचता येत होते. पान दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला : "टंकी का ढक्कन खोलके देखा कभी, जब बंद हो?"

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या मागे बसून गेलो. पेट्रोल भरले, आणि दोन किलोमीटरच्या आत गाडीने आचके दिले. मी उतरलो, सीट उचलली आणि टाकीचे झाकण फिरवले. फुस्स असा आवाज झाला. किक मारली. पहिल्या किकला सुरू.

आपल्या घरी तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना दोन भोके पाडतात : एक तेलाला, दुसरे वाऱ्याला. एकच भोक पाडले तर तेल बुडबुड करत थांबते. स्कूटरच्या टाकीचे तेच. खाली पेट्रोल उतरते तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असते. ते बुजले की टाकीत पोकळी तयार होते, आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. टाकी भरलेली असेल तर वर हवा थोडीच, म्हणून थोडे पेट्रोल गेले तरी ओढ बसते. टाकी रिकामी असेल तर हवा भरपूर, म्हणून गाडी लांब जाते. दहा-पंधरा मिनिटे थांबले की फटीफटीतून थोडी हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते.

भोक कोणी बुजवले? मामांनीच. जानेवारीच्या शेवटी झाकणाचे जुने रबर फुगून पेट्रोल झिरपू लागले होते. मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची छान गोल चकती कापून आत बसवली होती. वायसरला मधे भोक ठेवायचे असते, ते ठेवले नव्हते. झिरपणे थांबले म्हणून मामा तेव्हा खूशही झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. इथे कळसा सीटखाली होता.

आणि मिस्त्रीच्या हाताला गाडी लगेच सुरू का होत असे? कारण बंद पडलेली गाडी आली की तो सगळ्यांत आधी झाकण उघडून टाकीत पेट्रोल आहे का ते पाहत असे. कोणताही शहाणा मिस्त्री हेच करील. झाकण उघडले की हवा आत गेली, दोष गेला. पुढे तो प्लग बदलो की कॉइल, गाडी सुरू व्हायचीच, आणि त्या भागाला यश मिळायचे. ज्या गोष्टीवरून मामांनी त्याला चोर ठरवले, ती गोष्टच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होती.

मामा त्या दिवशी कचेरीत गेले नाहीत. स्कूटर घरी लावली आणि चालत कोपऱ्यावर गेले. मी मागे होतो. तिथे दोन-तीन गिऱ्हाइके उभी होती. मामा सर्वांसमोर म्हणाले, "भाई, गलती मेरी थी. मैंने गलत बोला." त्यापुढे त्यांना बोलता आले नाही. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला, त्याच्या लाकडी पेटीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि मामांच्या हातात दिली. ती मामांची जुनी कॉइल होती. कागदावर त्याने मामांचे आडनाव लिहून ठेवले होते. "यह भी अच्छी है, साहब. रखिए, काम आएगी."

ज्या कॉइलवरून मामांनी त्याला चोर म्हटले होते, ती त्याने दीड महिना जपून ठेवली होती. परत द्यायला बोलावण्याची सोय मामांनीच ठेवली नव्हती.

५

या प्रसंगातून पेट्रोलची भेसळ ही कल्पनाच होती, असा अर्थ कोणी काढू नये. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, या दोन भावांमधल्या दरीत एक काळा धंदा वर्षानुवर्षे पोसला गेला. त्याने किती इंजिने खाल्ली ते सोडा, माणसेही खाल्ली. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे जिवंत जाळण्यात आले. इंधनाची चोरी आणि भेसळ त्यांनी स्वतः जाऊन पकडली होती. तेव्हा भेसळ होती आणि भेसळ करणारे क्रूरही होते. तरीही मामांची स्कूटर भेसळीने बंद पडत नव्हती. सर्वसाधारण गोष्ट खरी असली म्हणजे समोरची विशिष्ट गोष्ट तिच्यामुळेच घडली, असे होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वाक्य आयुष्यभर पुरते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. पानिपतचे खापर कोणी सदाशिवरावभाऊंवर फोडत होते, कोणी होळकरांवर, कोणी यात्रेकरूंच्या लवाजम्यावर. राजवाड्यांचे म्हणणे एवढेच की आधी त्या वेळची पत्रे बघा. आमची नऊ दिवसांची वही फार लहान गोष्ट. पण जातकुळी तीच.

भोपाळमध्ये राहून दुसऱ्या एका कारणाचा विचार टाळता येत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. मी गेलो तेव्हा त्याला साडेपाच वर्षे झाली होती आणि शहरात दुसरा विषय नव्हता. मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, हे सर्वांना मान्य होते. ते कसे शिरले, यावर वाद होता. कुणा असंतुष्ट कामगाराने मुद्दाम नळी जोडली, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडणीतून काढलेला होता, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा कामास आली नाही, ही कारणे कोणत्या कामगाराच्या नळीत मावणारी नव्हती. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. घातपाताचा खटला कोणत्याही कामगारावर उभा राहिला नाही.

कुठे ती घटना आणि कुठे आमची स्कूटर! तुलना करण्याचे धाडस मी करत नाही. फक्त एक साम्य नोंदवतो. यंत्र बिघडले की पहिला संशय पाना हातात असलेल्या माणसावर जातो. झाकण ज्याने बसवले तो घरात वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

६

त्या गाड्यांचे दिवस आता संपले. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली, १९९१ नंतर परवान्यांचे राज्य गेले, नोंदणीच्या याद्या विरल्या. धूर ओकणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला प्रदूषणाच्या नियमांनी बाहेर काढले. जुनी चेतक २००५-०६ च्या सुमारास बंद झाली, २००९ मध्ये बजाजांनी स्कूटर बनवणेच सोडले, आणि २०२० साली तेच नाव विजेच्या गाडीला देऊन ती परत आली. तिला प्लग नाही, जेट नाही, टाकीही नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी संगणकावर चालणारी यंत्रणा आहे. गाडी तिरकी करून किक मारणारी पिढी निवृत्त होत आहे. यात रडण्यासारखे काही नाही. धूर गेला ते बरेच झाले.

मामा वारले त्याला आता बारा वर्षे झाली. स्कूटर त्याआधीच भंगारात गेली. मिस्त्रीने मामेबहिणीच्या लग्नात मंडपाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेतल्या, हे मी पाहिले आहे. मामांनी त्याला पहिल्या पंगतीला हात धरून बसवले होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची बोअरची मोटार जळाली. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा जळाली. मोटार सुरू-बंद करण्याचे काम शिपायाकडे. शाळा समितीच्या बैठकीत ठराव तयार होता : शिपायाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले, सबब रक्कम त्याच्या पगारातून कापून घ्यावी. मी अध्यक्षांना आठ दिवस मागितले आणि शिपायालाच एक वही दिली. किती वाजता सुरू केली, पाणी किती वेळ आले, कधी तुटले, ते लिहायला सांगितले. सहाव्या दिवशी दिसले, की मार्चअखेर बोअरमधली पातळी इतकी खाली गेली होती की पंधरा-वीस मिनिटांनी मोटार कोरडीच फिरत होती. पाणी संपल्यावर मोटार आपोआप थांबवणारे यंत्र बसवले. ठराव मागे घेतला. शिपाई दोन मुलींचा बाप आहे, आणि कापली जाणार होती ती रक्कम त्याच्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढी होती.

हल्ली मी नववी-दहावीला इतिहास शिकवताना 'कारणे द्या'च्या उत्तरात प्रत्येक कारणाखाली एक ओळ जास्त लिहून घेतो : 'हे कशावरून?' बोर्डाच्या परीक्षेत त्या ओळीला गुण नाहीत, हे मुलांना मी आधीच सांगतो. काही मुले ती ओळ कोरी सोडतात, काही घाईघाईने काहीतरी खरडतात. वर्गात तीन-चार मुले असतात ती मात्र पेन थांबवून खिडकीबाहेर पाहू लागतात. त्यांना मी वेळ देतो. घंटा झाली तरी वही मागत नाही.